मोटार कोणाची जळते?

जुन्नर तालुक्यातील खोडदच्या माळावर एक महाकाय यंत्र उभे आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकी १४ मधल्या चौकात आणि उरलेल्या १६ तीन दिशांना गेलेल्या बाहूंवर, असा सुमारे २५ किलोमीटर टापूत पसरलेला रेडिओ दुर्बिणीचा हा संसार आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने तो उभा राहिला. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा न करता बारीक पोलादी तारांच्या ताणलेल्या जाळीचा केला. त्यामुळे वारा आरपार जातो, सांगाडा हलका राहतो आणि खर्चही आटोक्यात येतो. ताशी १३३ किलोमीटर वेगाच्या वादळातही तबकडी मोडू नये, हे आराखडा कागदावर असतानाच ठरले होते. यंत्र केव्हा व कशाने मोडेल, हा प्रश्न ते उभारण्यापूर्वी विचारला गेला आणि उत्तर मिळाल्यावरच पोलाद कापले गेले. या देशातील अभियंत्यांना बिघाडाचे भाकीत करता येत नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा खोडदला जाऊन यावे.

या दुर्बिणीची एक गोष्ट कार्यकर्त्यांनी आवर्जून ध्यानात घ्यावी अशी आहे. आकाशातून येणारे रेडिओ संकेत कमालीचे क्षीण असतात. विजेच्या खांबावरील सैल जोड, गंजलेले नट-बोल्ट, तडकलेला चिनी मातीचा इन्सुलेटर यांतून बारीक ठिणगी उडत असते. डोळ्यांना ती दिसत नाही. पण प्रत्येक ठिणगी रेडिओ लहरी फेकते आणि विशेषतः कमी वारंवारतेच्या पट्ट्यांत दुर्बिणीच्या कानठळ्या बसवते. म्हणून तेथील अभियंत्यांनी परिसरातील वाहिन्यांवर अशा ठिणग्यांचा माग काढला, नेमका खांब शोधला आणि वीज कंपनीच्या साहाय्याने ते जोड घट्ट करून घेतले. शास्त्रज्ञांनी आपले कर्तव्य केले आणि ते उत्तम केले. त्यांच्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही.

बोट दाखवायचे आहे ते अन्यत्र. जो सैल जोड आकाशातील तारकांच्या अभ्यासात विघ्न आणतो, तोच जोड उद्या एक फेज तोडतो आणि तीन फेजवर चालणारी मोटार दोन फेजवर रखडत, गुरगुरत जळून जाते. ठिणगी ही त्या बिघाडाची आगाऊ वर्दी असते. ती ऐकण्याचे तंत्र आहे, ऐकणारी माणसे आहेत, खांब शोधून देणारी साधने आहेत, आणि हे सारे जुन्नर तालुक्यातच आहे. तरीही तबकड्यांपासून दूरच्या शिवारातील जोड सैल झाला, तर त्याची वर्दी कोणाला पोहोचते? मोटार जळाल्याचा वास आला म्हणजे शेतकऱ्याला पोहोचते. एकाच तालुक्यात बिघाड ओळखण्याच्या दोन रीती नांदत आहेत, आणि त्यांतील भेद विज्ञानाने केलेला नाही.

मोटार का जळते याचे उत्तर गावोगावच्या रिवायंडिंगच्या दुकानात मिळते. मोटारीचा पीळ, म्हणजे तिची फिरवण्याची ताकद, दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ४१५ व्होल्टची मोटार वाहिनीच्या टोकाला ३३२ व्होल्टवर चालवली, तर दाब वीस टक्क्यांनी घटला असे दिसते. पण ताकद एकदम ६४ टक्क्यांवर येते. विहिरीतले पाणी मात्र तेवढ्याच खोलीवर असते. तेवढेच काम करण्यासाठी मोटार जादा प्रवाह ओढते; प्रवाह सव्वापट झाला की तारेतील उष्णता दीडपटीहून अधिक होते. आणि तारेवरील आवरणाविषयी अभियंत्यांचा जुना ढोबळ नियम असा आहे की, तापमान दर दहा अंशांनी वाढले की आवरणाचे आयुष्य निम्मे होते. दहा वर्षे टिकणारे वायंडिंग वीस अंश जादा तापले तर अडीच वर्षांत संपते. हा दैवाचा खेळ नव्हे. हा साधा गुणाकार आहे, आणि तो कोणत्याही तंत्रनिकेतनातील विद्यार्थी करू शकतो.

शासनाला हा गुणाकार ठाऊक नव्हता काय? १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ५४ व्या नियमाने ग्राहकाच्या दारातील लघुदाबात सहा टक्क्यांहून अधिक फरक पडता कामा नये असे बजावले होते. म्हणजे ३९० व्होल्टच्या खाली जाणे हाच नियमभंग. पण कृषिपंपांच्या मोटारींसाठी याच देशाने जी मानके केली, त्यांत दाब वरच्या बाजूस सहा टक्के व खालच्या बाजूस पंधरा टक्के बदलला तरी मोटारीने काम केले पाहिजे, अशी अट घातली गेली. एका हाताने दाब पडणार नाही असे वचन द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने पडलेल्या दाबावर चालेल अशी मोटार बनवा म्हणून कारखानदारास सांगावयाचे! मानक तयार करणाऱ्या तंत्रज्ञांनी प्रामाणिकपणे वास्तव ओळखले, हे त्यांचे श्रेय. परंतु ही शासनाने आपल्याच नियमाविरुद्ध दिलेली कबुली होय. आणि टोकाच्या विहिरीवर दाब त्या पंधरा टक्क्यांच्याही खाली गेला म्हणजे मोटारीची परीक्षा ज्या परिस्थितीत झाली ती परिस्थितीच उरत नाही. मग हमीपत्रावरील बारीक अक्षरे जागी होतात आणि वायंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्या खात्यावर पडतो.

परीक्षा कोणत्या परिस्थितीत घ्यावयाची हे जो ठरवतो, तो नुकसान कोणी सोसायचे हेही ठरवून टाकतो. विश्वसनीयता-शास्त्राच्या ग्रंथांत हे वाक्य सापडणार नाही, पण त्या शास्त्राच्या इतिहासात सापडते. हे शास्त्र शेतकऱ्याच्या मोटारीसाठी जन्मले नाही. ते युद्धासाठी जन्मले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन उडत्या बाँबवर काम करणारे रॉबर्ट लुसर यांचे नाव ज्या नियमाशी जोडले जाते, तो असा की, साखळीतील प्रत्येक कडी चांगली असली तरी साखळीचा भरवसा हा सर्व कड्यांच्या भरवशांचा गुणाकार असतो. दहा कड्या प्रत्येकी ९५ टक्के भरवशाच्या धरल्या, तर साखळी ६० टक्क्यांवर येते. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने लष्करी इलेक्ट्रॉनिक उपकरणे वारंवार बंद पडतात म्हणून १९५२ साली एक सल्लागार गट नेमला आणि १९५७ साली त्याचा अहवाल आला. उपकरण विकत घेण्यापूर्वी ते किती तास न बिघडता चालेल हे पुरवठादाराने परीक्षेने सिद्ध करावे, हा आग्रह तेथून रूढ झाला. सैन्य हा असा ग्राहक होता की ज्याला नाही म्हणण्याची ताकद होती. घोडेगावच्या पलीकडील वाडीत राहणाऱ्या आदिवासी ग्राहकाला ती ताकद कोणी दिली?

बिघाडांचा आलेख काढला तर तो गुऱ्हाळातील काहिलीच्या उभ्या छेदासारखा दिसतो, असे हे शास्त्र सांगते. आरंभी कच्च्या मालाचे व ढिसाळ जुळणीचे बिघाड फार. मग बराच काळ सपाट तळ. आणि झीज झाली की पुन्हा चढती कड. आरंभीची कड कारखान्यात तावून-सुलाखून घेतली की ग्राहकाच्या वाट्याला येत नाही. चढत्या कडेपूर्वीच यंत्र बदलले की तीही टळते. विमानाची, दुर्बिणीची, लष्करी रडारची काळजी अशीच घेतली जाते. शेतातील रोहित्र मात्र दोन्ही कडा ग्राहकाच्या अंगणात चढते. नव्या रोहित्राला निदान प्रमाणचिन्ह बंधनकारक आहे; लघुमंडल, विद्युत्-आघात, तापमानवाढ अशा परीक्षांतून त्याचा नमुना जातो. पण जळाल्यावर दुरुस्त होऊन परत आलेल्या रोहित्राचे काय? नवीन वायंडिंग, जुने कवच, गाळलेले तेल, आणि त्यावर रंगाचा एक हात. ते पुन्हा खांबावर चढते तेव्हा काहिलीच्या आरंभीच्या कडेवर उभे असते, आणि त्याच्या खाली बहुधा ऐन हंगाम उभा असतो.

ऐन हंगाम हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. सरासरीच्या हिशेबात तो हरवतो. एखाद्या विभागात वर्षभरात शेकडा इतकी रोहित्रे बिघडली असे आकडे मांडता येतात. पण ती जानेवारी ते मे या महिन्यांत, सर्व पंप एकदम चालू असताना बिघडतात, हे सरासरी सांगत नाही. १०० केव्हीएचे रोहित्र घ्या. पाच अश्वशक्तीचा एक पंप आपली कार्यक्षमता व पॉवर फॅक्टर लक्षात घेता साडेसहा केव्हीएच्या आसपास भार टाकतो. म्हणजे १५ पंप झाले की रोहित्र भरले. त्यावर वीस पंप जोडले की १३० च्या पुढे. नियामक आयोगाच्या विनियमांनुसार ग्रामीण भागात बिघडलेले रोहित्र ४८ तासांत बदलले पाहिजे, नाही तर भरपाई द्यावी लागते. नियम उत्तम आहे. परंतु नारायणगावच्या बाजारासाठी तोडणीला आलेल्या टोमॅटोला किंवा सातगाव पठारावरील बटाट्याला ४८ तासांची मुदत कोणत्या विनियमाने बांधून घातली आहे? आणि कंपनीच्या नोंदवहीत बिघाड सुरू होतो तो रोहित्र बंद पडल्यावर. शेतकऱ्याचा बिघाड मात्र दाब उतरला त्याच दिवशी सुरू झालेला असतो. बिघाड कशास म्हणावे याची व्याख्याच दोघांची निराळी आहे, आणि नोंदवही एकाच्याच हाती आहे.

येथे सुखवस्तू मंडळींचा ठरलेला आक्षेप येतो. शेतकरी आकडे टाकतो, पाच अश्वशक्तीचा पंप सांगून साडेसातचा बसवतो, ऑटो स्विच लावतो, मग रोहित्र जळाले तर दोष कोणाचा? आक्षेपात तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑटो स्विचने नुकसान होतेच. वीज आली की डीपीवरील सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात; उठताना प्रत्येक मोटार नेहमीच्या सहापटीपर्यंत प्रवाह ओढते; दाब कोसळतो आणि फ्यूज तरी उडतो किंवा वायंडिंग तरी. परंतु ऑटो स्विच का लावला जातो हे आक्षेप घेणारा विचारत नाही. शेतीला तीन फेजची वीज मोजके तास, आठवड्यात काही दिवस रात्री, अशा पाळीने दिली गेली. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या जुन्नर वनविभागातील तालुक्यांत उसाच्या फडात बिबट्या राहतो. माणसे त्याच्या हल्ल्यात मेली आहेत, लहान मुले मेली आहेत. रात्री दोन वाजता वीज येणार असेल तर उसाच्या बांधावरून विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबण्यापेक्षा शेतकरी दोन-चारशे रुपयांचा स्विच लावील, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. अर्थात रोहित्राच्या मरणाचे एक कारण वीज देण्याच्या वेळापत्रकात आहे. बिघाडाचे मूळ शोधताना शेवटच्या कडीवरच थांबायचे नसते, हे या शास्त्राचे पहिले सूत्र. ते केवळ गरिबाच्या बाबतीत विसरले जाते.

दुसरा आक्षेप २०२४ पासून अधिक मोठ्याने ऐकू येतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य शासनाने त्या वर्षीच्या एप्रिलपासून मोफत वीज दिली. मग फुकटच्या विजेबद्दल तक्रार कसली? हा युक्तिवाद धोकादायक आहे, कारण तो हक्काचे रूपांतर दानात करतो. दान घेणाऱ्याने दाताकडे दाब मोजण्याचे यंत्र घेऊन जायचे नसते. बिल शून्य झाले खरे. पण ३३० व्होल्टच्या फुकट विजेचे बिल रिवायंडिंगच्या दुकानात, कॅपॅसिटरच्या आणि स्टार्टरच्या खर्चात, करपलेल्या पिकात फिटतच असते. त्या बिलावर कोणत्याही मंत्र्याचे छायाचित्र छापलेले नसते.

यावर तोड म्हणून सौर पंप पुढे केला जात आहे. दिवसा पाणी मिळते, बिबट्याचे भय टळते, दूरवरच्या वाहिनीची गरज उरत नाही. या गोष्टी खऱ्या आहेत आणि समाजवाद्यांनी त्यांचे स्वागतच करावे. पण त्याबरोबर बिघाडाची मालकीही सार्वजनिक खांबावरून खाजगी शेतात उतरते, ही गोष्ट जाहिरातीत येत नाही. सौर पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते. पंप चालवणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक तितका टिकत नाही. त्यातील विद्युत्-अपघटनी कॅपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात, आणि मेच्या उन्हात बंद पत्र्याच्या पेटीतील तापमान प्रयोगशाळेतील तापमानाइतके सौम्य नसते. शासकीय योजनेतील दुरुस्तीची हमी पाच वर्षांची आहे. काहिलीची चढती कड सहाव्या वर्षी सुरू झाली तर पुरवठादार कोठे असेल? हा प्रश्न पंप बसवतानाच विचारावयाचा आहे. नियंत्रक कोणत्या तापमानात, किती तास, किती आर्द्रतेत तपासला, याचा दाखला निविदेबरोबर प्रसिद्ध करण्यास शासनाची काय हरकत आहे? भीमाशंकरच्या डोंगराकडील धो धो पाऊस आणि बेल्ह्याकडील कोरडा उन्हाळा या दोन्हींत एकच पेटी टिकेल असे गृहीत धरणे म्हणजे परीक्षा न घेताच उत्तीर्ण करणे होय.

भाकीत करण्याचे ज्ञान कोणाजवळ असते, याचेही एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १९८६ साली अमेरिकेचे चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात जणांचा बळी गेला. चौकशी मंडळावरील भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना असे आढळले की, यान नष्ट होण्याचा संभव वरिष्ठ व्यवस्थापक एक लाखात एक असा धरत होते, तर प्रत्यक्ष काम करणारे अभियंते शंभरात एक असा. हजारपटींचे हे अंतर खुर्चीच्या उंचीने पडलेले होते. आंबेगाव तालुक्यातला कोणताही जुना वायरमन डोळे मिटून सांगेल की, यंदा कोणती डीपी जळणार आहे. कोणत्या रोहित्रातून तेल झिरपते, कोणाचे अर्थिंग कोरडे पडले आहे, कोठे फ्यूजऐवजी जाड तार घातली आहे, हे त्याला पाठ असते. पण त्याला विचारण्याची पद्धत नाही. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन कंपन्या झाल्या, वायरमनला ‘जनमित्र’ हे गोंडस नाव मिळाले आणि त्याच्या शेजारी कंत्राटी कामगार उभा राहिला. दरवर्षी ज्याचे कंत्राट नवे होते, त्याची स्मृतीही दरवर्षी पुसली जाते. भरवशाचे यंत्र हवे असेल तर भरवशाची नोकरी द्यावी लागते. हे कामगार चळवळीचे जुने मागणे येथे अभियांत्रिकीचे मागणे ठरते.

याच तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गडप झाली आणि १५१ माणसे गेली. गाव नाहीसे झाल्याची वार्ता प्रथम दिली ती नेहमीची गाडी घेऊन आलेल्या एस. टी.च्या चालकाने. एक माणूस रोज त्याच रस्त्याने जात होता म्हणून त्याला फरक दिसला.

म्हणूनच हा प्रश्न तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होता येणार नाही. प्रत्येक रोहित्राचा क्रमांक, ते बसवल्याची तारीख, किती वेळा दुरुस्त झाले, मंजूर भार किती व प्रत्यक्ष किती, ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. वाहिनीच्या शेवटच्या पंपावर दाबाची नोंद ठेवणारे यंत्र बसले पाहिजे आणि ती नोंद गावास पाहता आली पाहिजे. दुरुस्त रोहित्राची परीक्षा नव्याइतकी कडक नसली तरी निदान त्याच्या तेलाची आणि भारावरील तापमानाची झाली पाहिजे. भरपाई मागण्यासाठी अर्जामागून अर्ज करावे लागू नयेत. यांतील एकही मागणी विज्ञानाच्या आवाक्याबाहेरची नाही. खोडदच्या माळावर याहून कितीतरी अवघड गोष्टी नित्य घडतात.

मागण्या मान्य होईपर्यंत शाखांनी स्वस्थ बसावे असेही नाही. मंचर, घोडेगाव, ओतूर, आळे येथील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावची वही आजच उघडावी. त्यासाठी पदवी लागत नाही. शंभर केव्हीएच्या बहुतेक रोहित्रांवर एक लहानशी काचेची श्वसननळी असते. तीत रसायनाचे खडे भरलेले असतात. आत जाणाऱ्या हवेतील ओल ते शोषून घेतात. खडे कोरडे असतील तर निळे दिसतात, ओलावले म्हणजे गुलाबी होतात. गुलाबी झाले की तेलात पाणी जाऊ लागले असे समजावे, आणि तेलात पाणी गेलेले रोहित्र हंगाम काढील याचा भरवसा नाही. खांबावर चढू नये, कुंपणाला हात लावू नये. खाली उभे राहून रंग तेवढा पाहावा, तारखेसह वहीत लिहावा आणि त्याची प्रत उपविभागीय कार्यालयात देऊन पोच घ्यावी.